मोकळा वर्ग आणि तेलगावचं वऱ्हाड

मला एका जागी बसवत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी दोनदा उठते. आणि नोकरी मिळाली तीही अशी, की आपण दिवसभर वर्गात येरझारा घालायच्या आणि पोरांना मात्र सांगायचं, "हलू नका रे." गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अलीकडे, आमची माध्यमिक शाळा आहे आणि तिथे मी भूगोल शिकवते. भूगोलात सगळंच हलतं. नद्या हलतात, वारे हलतात, वाळू तर आमच्याकडे इतकी हलते की सकाळी बघितलेला ढीग दुपारी दिसत नाही. हलायची नाहीत ती आमची बाकं. लोखंडी सांगाड्याची, एकेका रांगेतली सगळी एकाच लांब पट्टीला जोडलेली, आणि ती पट्टी फरशीत बोल्ट मारून पक्की केलेली. का, तर चोरीला जाऊ नयेत म्हणून. ज्या बाकावर बसलं की तासाभरात पाठ धरते, ते चोरून न्यायला कुणाला वेड लागलंय? पण कधीतरी कुणीतरी ठरवलं आणि बोल्ट बसले.

याचा खरा त्रास दिवाळीनंतर सुरू व्हायचा. आमच्या गावातली बरीच घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात, आणि शिमग्याच्या आसपास परत येतात. पोरंही बरोबर जातात. मग नववीचा वर्ग विरळ होतो, मागची मुलं पुढे येतात, रिकाम्या जागांवर दप्तरं पसरतात. मार्चमध्ये गेलेली पोरं परत आली की त्यांच्या जागेवर दुसरंच कुणीतरी ऐसपैस बसलेलं असतं. ती दाराजवळ फरशीवर बसतात. काही दिवस बसतात आणि मग यायची बंद होतात. मला त्याचा फार राग यायचा. राग काढायला समोर कुणी नसायचं, म्हणून मी तो बाकांवर काढायचे.

अशात तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. विषय होता 'लवचिक वर्गरचना'. पडद्यावर चित्रं दाखवली. हलकी टेबलं, हवी तशी जोडायची, हवी तशी सोडवायची. मुलं कुठे गोल करून बसलेली, कुठे जोडीजोडीने, कुठे एकटीच खिडकीत पुस्तक घेऊन. बाकीचे शिक्षक चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसले होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना मी तो अख्खा वर्ग समजावून सांगितला. त्या आपला थांबा यायच्या आधीच उतरल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे.

दुसऱ्या दिवशी नववीला कोरे कागद वाटले आणि म्हटलं, "तुम्हाला हवा तसा वर्ग काढा." आहाहा, काय काय वर्ग आले! एकाने चारही भिंतींना एसी लावले. एकाने मधोमध पोहायची विहीर काढली. एकाने सुंदर वर्ग काढला, पडदे, गालिचा, टीव्ही, सगळं होतं, फक्त बाई नव्हत्या. विचारलं तर म्हणाला, "बाई, तुमी सुट्टीवर गेलत्या." मी हसून हसून खुर्चीत बसले. मग शेवटचा कागद हातात आला. एका मुलीने आमची तीच जुनी बाकं जशीच्या तशी काढली होती, फक्त प्रत्येक बाकाला खाली चार चाकं होती.

ही मुलगी ऊसतोडीच्या घरातली. सडपातळ, दोन घट्ट वेण्या, आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मी म्हटलं, "हे काय गं, टायरगाडी काढलीस का?"

"न्हाई बाई, बाकच हाय."

"मग चाकं कशाला?"

"आमचं घर हर साली हलतंय बाई. भांडी हलत्यात, कोंबड्या हलत्यात, मी हलते. बाकच तेवढं हलत न्हाई. मग आमी वापस येतो तवा जागाच नसती."

मी कागद घेऊन तडक मोठ्या सरांच्या खोलीत. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस देवमाणूस, पण त्यांचा जीव रांगेत. प्रार्थनेला रांग, पाणी प्यायला रांग, त्यांच्या टेबलावरची पेनंसुद्धा रांगेत. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, बाकाला चाकं लावली तर शिस्तीला पण लागतील."

पण मी माघार घेणाऱ्यातली नाही. रोज मधल्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे. काही बोलायचेही नाही, नुसता तो कागद टेबलावर ठेवायचे. शेवटी ते कंटाळले. म्हणाले, "ठीक आहे, एक वर्ग करा. फक्त नववी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षण विभागाचे साहेब तपासणीला येतील. साहेब हो म्हणाले तर ठेवा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी चाकं काढायची आणि बोल्ट परत मारायचे. काढलेली चाकं मी पोषण आहाराच्या तांदळाच्या गाड्याला लावीन." तांदळाच्या गाड्याचं त्यांनी मनातल्या मनात आधीच ठरवून टाकलं होतं, हे मला चेहऱ्यावरून दिसलं.

हे सगळं ठरेपर्यंत दिवाळी आली आणि त्या चाकंवाल्या मुलीची निघायची वेळ झाली. मी मुद्दाम वेशीजवळ गेले. ट्रॅक्टर भरला होता. वर पत्र्याची पेटी, चुलीचं सामान, कोंबड्यांची टोपली, आणि सगळ्यांच्या वर ती.

"चाकं लागतील," मी खालून ओरडले. "तू आलीस की बघशील."

"नक्की लावता का बाई?"

"शब्द दिला."

तिची आई पदर खोचून दोर आवळत होती. मी म्हटलं, "वहिनी, मार्चमध्ये हिला परत वर्गात बसवायचं बरं का." आई दोर आवळतच म्हणाली, "बघू बाई. आल्यावर बघू." आमच्याकडे 'बघू' हा फार मोठा शब्द आहे. पोरीचं पुढचं शिक्षणही बघू आणि पोरीसाठी स्थळही बघू. यातलं कुठलं बघू, ते ट्रॅक्टर सुरू झाल्यामुळे मला विचारता आलं नाही.

मग मी कामाला लागले. गेवराईत एक वेल्डर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. हातगाड्या, झोपाळे, म्हशीच्या गव्हाणी, सगळं करतात. ते शाळेत आले, बोल्ट कापले, पट्ट्या तोडल्या, बाकं सुटी केली आणि एकेकाला चार चार चाकं लावून दिली. तो लोखंड कापल्याचा आवाज! मोठे सर कानांवर हात ठेवून खोलीत बसले होते आणि मी व्हरांड्यात अक्षरशः नाचत होते. पोरांनी भिंतीला खालपर्यंत काळा रंग दिला, म्हणजे कुणीही कुठेही बसून खडूने लिहावं. एका कोपऱ्यात सतरंजी, जुन्या साड्यांचे पडदे, पुस्तकांसाठी फळांची खोकी.

पहिल्या दिवशी मी शिकवायला उभी राहिले. धडा होता भूपृष्ठाच्या हालचालींचा. मी फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "तर मुलांनो, भूपट्ट सरकतात, पण इतके हळू की आपल्याला कळतही नाही." मागून किंचाळ्या. वळून बघते तर तीन मुली बसलेलं बाक खडखडत दाराकडे निघालं होतं! झालं असं होतं, की वर्ग धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून आमच्या फरशीला दाराकडे उतार आहे. इतकी वर्षं बोल्टमुळे तो उतार कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. एक बाक निघालं तसं दुसरं निघालं, मग तिसरं, आणि मी हात पसरून दारात उभी राहिले म्हणून, नाहीतर अख्खी नववी त्या दिवशी मैदानात गेली असती. पोरांना तर पर्वणीच. "बाई, आमचा भूपट्ट लई फास्ट हाय!"

मी चाचांना फोन लावला आणि चांगलीच झाडाझडती घेतली. ते शांतपणे म्हणाले, "म्याडम, तुम चाकां बोले. ब्रेक कब बोले?" दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी प्रत्येक बाकाला पायाने दाबायची लोखंडी खिट्टी बसवली. दाबली की बाक घट्ट, वर ओढली की मोकळं. त्यानंतर आमचा वर्ग असा काही धावू लागला की विचारू नका. गणिताला जोड्या, इतिहासाला दोन फौजा समोरासमोर, माझ्या तासाला मधोमध मोकळी जागा आणि जमिनीवर खडूने काढलेली गोदावरी. "सरका" म्हटलं की आधी नुसता गोंगाट व्हायचा, नंतर नंतर खिट्ट्यांचा एकच खटका वाजायचा आणि वर्ग बदललेला असायचा. पोरं म्हणाली, "बाई, चाकंवालीला व्हिडिओ पाठवू का?" मी दम दिला, "खबरदार. तिला आल्यावर डोळ्यांनी बघू दे." आता मला एकच काळजी होती. ती येईपर्यंत चाकं टिकली पाहिजेत.

राहिलं नाव. 'लवचिक वर्ग' मला आवडत नव्हतं. आमचे शिपाई मामा ते वाचून म्हणाले, "बाई, कमरंत लचक भरल्यावानी वाटतंय." म्हणून मी स्वतः, कुणालाही न विचारता, पत्र्याच्या पाटीवर झोकात रंगवून दारावर लावलं: मोकळा वर्ग.

इथून सगळा घोळ.

शाळेत 'मोकळा तास' म्हणजे शिक्षक नसलेला तास. पाटी लागल्या दिवसापासून आठवीची पोरं आपला तास बुडवून आमच्या वर्गात येऊन बसू लागली. "बाई, मोकळा हाय ना?" मग एक वडील आले, घाबरेघुबरे. "बाई, नववी मोकळी केली म्हणं? म्या आता पोरगं कुठं घालू?" मग आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंनी मला हळूच सांगितलं, की गावात मोकळी करणं म्हणजे बायकोला सोडचिठ्ठी देणं, आणि बाया विचारतायत की नववीला कुणी सोडचिठ्ठी दिली. मोठे सर म्हणाले, "मॅडम, पाटी बदला." मी म्हटलं, "सर, शब्दात काही खोट नाही, लोकांनी समजून घ्यावं." असा माझा स्वभाव. पाटी राहिली.

शिमगा आला, गेला. ऊसतोडीची घरं एकेक करून परतू लागली. मी रोज शाळेत जाताना तिच्या घराचं कुलूप बघायचे. आणि साहेबांचा निरोप आला की अमुक वारी तपासणीला येतो. शाळा तेव्हा सकाळची भरत होती. आदल्या दिवशी आम्ही वर्ग घासूनपुसून लख्ख केला. पोरांना मी तीनतीनदा बजावलं, कुणी आगाऊपणा करायचा नाही, कुणी बाक पळवायचं नाही. मला रात्री नीट झोपही लागली नाही.

त्या दिवशी मी शाळेत पोचले तर फाटकात हलगी वाजत होती. मला वाटलं, मोठ्या सरांनी साहेबांच्या स्वागताला आणली. माणूस बदलला म्हणायचा! आत गेले तर मैदानात दोन जीपगाड्या आणि एक टेम्पो, आणि नववीच्या दारात चपलांचा हा ढीग. आत माणसंच माणसं. काळ्या भिंतीपाशी ट्रंका, पडद्यांच्या कोपऱ्यात बाया साड्या बदलतायत, आणि मधोमध चाकाच्या बाकावर हळदीने पिवळा झालेला एक नवरदेव, गुडघ्यावर रुमाल पसरून पोहे खातोय.

"मामा!" मी ओरडले.

मामा धावत आले. झालं होतं ते असं. गावात एका मुलीचं लग्न होतं आणि वऱ्हाड तेलगावहून आलं होतं. वऱ्हाड उतरवायचं ते समाजमंदिरात, पण तिथे रंगकाम चाललेलं. मुलीच्या वडिलांनी आदल्या संध्याकाळी मामांना विचारलं, "मामा, एखादा वर्ग मोकळा हाय का?"

"म्या म्हन्लं, हाय की," मामा मला सांगत होते. "नववीचा मोकळाच हाय. पाटीच हाय वर."

आता यात मामांची काय चूक? मी पाटीकडे बघितलं. माझंच अक्षर, माझाच रंग, वर एक फूलही काढलेलं.

मोठे सर घामाघूम होऊन आले. "मॅडम, साहेब निघालेत! अर्ध्या तासात पोचतील! उठवा यांना!" पण दारात आलेल्या वऱ्हाडाला उठवायचं कसं? पोह्यांवरून उठवून नवरदेवाला बाहेर काढायचा का? तेवढ्यात वरमाय माझ्यापाशी आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, उतरायला काय झ्याक जानोसा दिला वो! आजपत्तुर कुठं असं बसायला भेटलं न्हाई. बाक पायजेल तिकडं सरकतंय. आमची सासूबाई बघा, खिडकीत बसवली." खिडकीत खरंच एक म्हातारी पाय सोडून बसली होती आणि कुणीतरी खिट्टी दाबून तिचं बाक पक्कं केलं होतं. मला इतकं हसू फुटलं की मोठ्या सरांसमोर मला पदर तोंडात धरावा लागला.

मग माझ्यातल्या येरझाऱ्या घालणाऱ्या बाईने ताबा घेतला. मी व्हरांड्यात उभ्या नववीला म्हटलं, "वऱ्हाडाला लागतील तेवढी बाकं आत. बाकीची बाहेर. लिंबाखाली. सरका!" खटाखट खिट्ट्या वाजल्या. व्हरांड्याच्या उतारावरून बाकं एकामागून एक मैदानात उतरली, प्रत्येकाला मागून दोघांनी धरलेलं. फळा दोघांनी डोक्यावर घेतला. वऱ्हाडातल्या पोरांनीही हात लावला, हलगीवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने ठेका धरला, आणि आमची नववी वाजतगाजत लिंबाखाली जाऊन बसली. मी आयुष्यात अशी वरात काढलेली नाही.

आणि साहेब आले. जीपमधून उतरले ते थेट फेटे बांधणाऱ्या माणसाच्या हातात. पांढरा शर्ट, हातात कागदांची पिशवी, वऱ्हाडी समजले की नवरीकडचे कुणीतरी मोठे पाव्हणे. साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत डोक्यावर गुलाबी फेटा चढला, हातात नारळ आला, आणि त्यांना नववीच्या वर्गात नेऊन नवरदेवाच्या शेजारी बसवलंही. मोठे सर आणि मी दारात पोचलो तेव्हा ते पोह्यांची ताटली हातात घेऊन आजूबाजूला बघत होते.

"वर्ग कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बाहेर, सर," मोठे सर म्हणाले.

"आणि हे काय आहे?"

मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "सर, हे वऱ्हाड. पाटी वाचून आलं." आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. साहेब उठले, दाराबाहेर येऊन पाटी वाचली, पुन्हा आत बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फेट्यासकट ते लिंबाकडे चालू लागले. मला चाचांचा कटर डोळ्यांसमोर दिसत होता, आणि तो तांदळाचा गाडा.

लिंबाखाली पोरं गटागटाने बसली होती आणि खरं सांगते, त्या दिवशी ती फार गुणी दिसत होती. साहेबांनी एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. एका गटाच्या वहीत डोकावले. मी कधी नव्हे ती एका जागी उभी होते.

तेवढ्यात फाटकातून ती आली.

उन्हाने काळवंडली होती, उंच झाली होती, वेण्या तशाच. पाठीवर जुनं दप्तर. मागे आई. ती सरळ नववीच्या दाराकडे गेली. आत नवरदेव, ट्रंका, साड्या बदलणाऱ्या बाया. ती दारातच थबकली. मला लांबून तिची पाठ दिसली. तिला वाटलं असणार, वर्गच मोडला.

वरमायेने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिच्या आईला विचारलं, "पोरगी कुणाची वो? बघताव का हिच्यासाठी कुठं?"

मी धावत निघाले होते, ती जागच्या जागी थांबले. आईने लेकीच्या पाठीवरचं दप्तर सारखं केलं. मग म्हणाली, "न्हाई. नववीला हाय."

मी काय केलं असेल? भर मैदानात टाळी वाजवली. साहेबांनी वळून बघितलं, मला त्याचं काही नव्हतं. "अगं इकडे! लिंबाखाली!" मी ओरडले. ती वळली, पळत आली, आणि बाकांजवळ येऊन थांबली. चाकांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, माजी जागा कंची?"

आणि मी दाखवायला हात उचलला. मी तिला चाकांचा शब्द दिला होता, आणि चाकांच्या वर्गात कुणालाच जागा नसते. कोण कुठे बसेल हे रोज ठरतं. जिला जागा मिळावी म्हणून हे सगळं केलं तिच्यासाठीच माझ्याकडे दाखवायला एक बोटभर जागा नव्हती.

माझ्या तोंडून "सरका" निघालंच नाही. पण खिट्ट्या वाजल्या. एका गटाने बाक डावीकडे ओढलं, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने मागे. बघता बघता चार ठिकाणी फट पडली, आणि चारही गटांतून आरडाओरडा सुरू झाला, "हिकडं ये!" "न्हाई, आमच्यात!" "ए, आमी आदी सरकलोत!"

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"सर, चाकं हिची," मी म्हटलं. "म्हणजे हिने काढलेली. लागायच्या आधीच ऊसतोडीच्या टोळीवर गेली होती. आज पहिल्यांदा बघतेय."

साहेबांनी फेटा जरा मागे सरकवला. "कशाला हवीत गं चाकं?"

"आमी दिवाळीला जातो न्हव का सायेब, शिमग्याला येतो. तवर जागा भरती. आता सरकवता येतंय."

साहेबांनी पिशवीतून कागद काढला, त्यावर काही लिहिलं, आणि मोठ्या सरांना म्हणाले, "पाटी तेवढी बदला."

मोठे सर वाट बघत राहिले, पुढचं काही येईल म्हणून. पुढचं काही आलं नाही. "चाकं?" त्यांनीच शेवटी विचारलं.

"चाकांना काय झालंय?" साहेब म्हणाले आणि जीपकडे निघाले. फेटा डोक्यावरच होता. फाटकात हलगीवाल्याने त्यांना अडवून पुन्हा एकदा वाजवून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांना हसताना बघितलं.

मला काय झालं होतं ते सांगता येणार नाही. मी मोठ्या सरांचं अभिनंदन केलं, मामांचं केलं, खिडकीतल्या म्हातारीला नमस्कार केला. तोवर लग्नाची वेळ झाली, वऱ्हाड मंडपाकडे गेलं आणि वर्ग रिकामा झाला, म्हणजे खराखुरा मोकळा. पोरांनी बाकं वर चढवली. फरशीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, पोह्यांचा वास होता.

ती सगळ्यात मागे, काळ्या भिंतीपाशी, एका बाकावर बसली. बाकावरून हात फिरवला. वाकून चाक बघितलं. मग खाली ती लोखंडी खिट्टी दिसली आणि तिने ती वर ओढली. कशासाठी असते ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अगं, थांब!" मी ओरडले, पण बाक निघालं होतं. खडखडत, पाकळ्यांवरून, बाकांच्या मधून, दाराच्या उताराकडे, आणि ती दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून मोठमोठ्याने हसत होती. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. पोरं "भूपट्ट! भूपट्ट!" म्हणून ओरडत होती. मी आडवी जायला धावले, पण मला उशीर झाला.

दारात तिची आई उभी होती. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी बाक धरलं, पाय रोवले, आणि लेकीसकट उलटं आत ढकललं.